हाफ मागायची लाज कशाला?

इंग्लंडातल्या स्टॉकपोर्टला डिसेंबरात दुपारी पावणेचारला दिवे लावावे लागतात आणि पाऊस असा की नाशिकचा आषाढातला पाऊससुद्धा मधेमधे दम खातो, हा खातच नाही, नुसता भुरभुरत बसतो. अशाच एका शनिवारी आमच्या कोपऱ्यावरच्या पबमध्ये एक तिशीतला पोरगा आला, अंगात फुटबॉलचा टीशर्ट, मागे चारपाच मित्र, त्याने बारवर कोपर टेकून ओल्ड टॉमची पिंट मागितली. काउंटरमागच्या बाईंनी मान हलवली, ओन्ली हाव्ज, लव. म्हणजे ओल्ड टॉम इथे हाफमध्येच, अर्ध्या पिंटच्या ग्लासातच मिळते बाळा. पोराने एकदा मागे वळून मित्रांकडे बघितलं, मित्र फिदीफिदी हसले, आणि त्याने मुकाट्याने लागरची पिंट घेतली. मी शेजारीच उभी होते, हातात तोच हाफ. त्याला ती बिअर नको होती असं अजिबात नाही हो, एवढा जिभल्या चाटत मागायला आला होता, त्याला तो बुटका ग्लास नको होता. ते दृश्य तेव्हापासून डोक्यात बसलंय आणि त्यावरून नवऱ्याशी, ऑफिसातल्या लोकांशी इतक्या वेळा वाद घातलाय की म्हटलं आता एकदा लिहूनच टाकावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओल्ड टॉम ही स्टॉकपोर्टच्याच रॉबिन्सन्स ब्रुअरीची बिअर, १८९९ पासूनची. नाव ठेवलंय ब्रुअरीतल्या बोक्यावरून, तेव्हाच्या हेड ब्रुअरने वहीत रेसिपीसोबत बोक्याचं तोंड काढून ठेवलं होतं, तोच बोका आजही लेबलवर आहे. ८.५ टक्के अल्कोहोल. रंग काळसर तांबूस, उजेडासमोर धरला की कडेला माणकासारखा लाल दिसतो, फेस अगदी पातळ, आणि नाक जवळ नेलं की काकवी. मी खोटं नाही सांगत, पहिल्यांदा वास घेतला तेव्हा मला लहानपणी मामाकडे जाताना रस्त्यात लागायचं ते गुऱ्हाळच आठवलं, त्यात वर थोड्या मनुका, आणि शेवटी घशात गेल्यावर जी ऊब येते ती खोकल्यासाठी आजी द्यायची त्या सुंठीच्या काढ्यासारखी, हळूहळू छातीत पसरणारी. अशी बिअर गटागटा पिताच येत नाही. चारदोन घोटांनंतर तुम्ही आपोआप ग्लास खाली ठेवता आणि समोरच्या माणसाशी बोलायला लागता.

आता हे हिवाळ्यातच का, तर त्यामागे शास्त्र आहे, नुसती नाताळची हौस नाही. फ्रीज नव्हते तेव्हा उन्हाळ्यात बिअर बनवली की नासायची, म्हणून इंग्लंडात ब्रुइंगचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, आणि ऑक्टोबरात नवं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) नवे हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) हाताशी आले की वर्षातली सगळ्यात कडक बिअर तेव्हा बनायची. मुंबईच्या गोऱ्या साहेबांसाठी लंडनच्या बो भागातल्या हॉजसन ब्रुअरीतून जी फिकट बिअर जहाजाने यायची आणि जिच्यातून पुढे आयपीए म्हणजे इंडिया पेल एल झाली ती मुळात या ऑक्टोबर बिअरच्याच घराण्यातली, तर आपला संबंध तसा जुनाच म्हणायचा. बनवायची पद्धत सांगायची तर नारळाचं दूध डोळ्यांसमोर आणा. खोबरं वाटून पहिल्यांदा पिळलं की दाट दूध, मग त्याच चोथ्यात पाणी घालून दुसऱ्यांदा पिळलं की पातळ. इथेही तसंच, माल्ट गरम पाण्यात भिजवून जो पहिला रस निघतो तो गोड आणि घट्ट, त्याची कडक एल, आणि त्याच माल्टवर पुन्हा पाणी सोडून निघतो त्याची रोजची हलकी बिअर. लंडनच्या फुलर्स ब्रुअरीमध्ये तर एकाच घाण्यातून ८.५ टक्क्यांची गोल्डन प्राइड पण काढायचे आणि नेहमीची लंडन प्राइड पण. म्हणजे एका पिंटभर कडक एलमध्ये माल्ट किती जातं बघा, आणि वर ती महिनोन्‌महिने मुरवायची. लोणच्यासारखं आहे, परवा घातलं आणि आज वाढलं असं होत नाही. (एल म्हणजे काय कोणी विचारायच्या आत: लागरपेक्षा जरा गरम तापमानाला आंबवलेली बिअर. झालं.)

तशा सगळ्याच हिवाळी बिअर इतक्या कडक नसतात हे पण सांगायला हवं. ससेक्समध्ये हार्वीजची ओल्ड एल येते ती साडेचारच्या आतबाहेरच, यंग्जची विंटर वॉर्मर पाच टक्के, यॉर्कशरची ओल्ड पिक्युलियर ५.६. त्यांचं बरं चाललंय, त्या पिंटमध्ये मिळतात, कोणी हसत नाही. माझं म्हणणं त्यांच्या वरच्या पायरीबद्दल आहे, सात-आठ-नऊ टक्केवाल्या, ज्यांना बार्ली वाइन म्हणतात त्यांच्याबद्दल. त्या पबच्या हँडपंपावरून (पिंपातली बिअर हाताने ओढायचा काउंटरवरचा दांडा) हळूहळू गायब होतायत आणि सगळे खांदे उडवतात, की काय करणार, लोकांना हल्ली हलकं प्यायला आवडतं, तब्येतीला बरं. मला हे कारण पटत नाही. म्हणजे थोडं पटतं, पण पूर्ण नाही.

आपल्याकडे स्ट्राँग म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? ६५० मिलीची बाटली, परमिट रूम, शेंगदाण्याचा चखणा, आणि कमी पैशात लवकर चढली पाहिजे हा एकच हिशोब. महाराष्ट्रात पाच टक्क्यांपर्यंत माइल्ड, वर गेली की स्ट्राँग, आणि बहुतेक गिऱ्हाईक स्ट्राँगच मागतं, थंडगार, इतकी थंड की चव कळू नये. चव कळू नये हाच उद्देश म्हणा ना. त्यामुळे मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं की मी साडेआठ टक्केवाली पिते तेव्हा तिने देवघराकडे बघितलं. तिची चूक नाही. पण इथली कडक एल नेमकी उलट्या कामासाठी आहे. सेलरच्या म्हणजे पबच्या तळघराच्या तापमानाला, ११ ते १३ डिग्रीला मिळते, गॅस मारलेला नसतो, पिंपात ती जिवंतच असते, यीस्ट आत काम करत असतं. एक हाफ मला पाऊण तास पुरतो. तेवढ्या वेळात तो टीशर्टवाला पोरगा लागरच्या दोन पिंटा संपवून तिसरीला उठला होता.

हिशोबच करा. इथे अल्कोहोल युनिटमध्ये मोजतात, १० मिली शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. इथली पिंट ५६८ मिलीची (आपल्याकडे ३३० च्या छोट्या बाटलीला पिंट म्हणतात त्याच्याशी गल्लत नको). ओल्ड टॉमचा हाफ म्हणजे साधारण २.४ युनिट. चार टक्के लागरची एक पिंट म्हणजे जवळजवळ तेवढीच, सव्वादोन. मग 'स्ट्राँग' कोण पितंय? ज्याच्या हातात स्ट्राँग आहे ती मी एकावर थांबते, फार तर दोन, आणि ज्याने मोठेपणाने हाफ नाकारला तो संध्याकाळभरात दहाबारा युनिट रिचवतो आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. सरकारने २०१६ साली सांगितलेली मर्यादा आठवड्याला १४ युनिट, बाईला तेवढीच आणि पुरुषाला तेवढीच. माझे दोन हाफ म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा झाला, ते मी लपवत नाही, दारू ही दारूच आहे.

आणि लपवणार तरी कशी, मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. लिव्हरच्या वॉर्डातून घरी जाणाऱ्या पेशंटच्या पिशवीत थायमिनच्या गोळ्या मीच भरते, आणि दारू सुटताना हातपाय थरथरू नयेत म्हणून द्यायच्या औषधाचा डोस रोज कमी करत नेण्याचा तक्ता मीच तपासते. पेशंटची औषधांची हिस्ट्री घेताना विचारावंच लागतं, काय पिता, किती, कुठे. इतक्या वर्षांत मला एकानेही सांगितलं नाही की पबमध्ये बसून बार्ली वाइनचे हाफ पितो. उत्तरं ठरलेली असतात, सुपरमार्केटची व्होडका, तीन लिटरच्या बाटलीतली सायडर, आणि जागा कुठली तर घरातला सोफा, एकटा, टीव्ही समोर. याला मी अभ्यास म्हणत नाही, पण जे रोज कानावर पडतं ते पडतं.

आता टॅक्सकडे येते, कारण खरी मजा तिथे आहे. २०११ च्या ऑक्टोबरात सरकारने साडेसात टक्क्यांच्या वरच्या बिअरवर जादा ड्युटी लावली. निशाणा होता पार्कातल्या बाकड्यावर बसून प्यायच्या सुपर स्ट्राँग लागरच्या कॅनवर. आणि प्रामाणिकपणे सांगते, तो निशाणा पूर्ण चुकला नाही, नऊ टक्क्यांची स्पेशल ब्रू नावाची लागर उतरत उतरत साडेसातवर आली, असे कॅन कमजोर झाले हे चांगलंच झालं. पण त्याच गोळीने शेजारी गुपचूप बसलेली म्हातारी बार्ली वाइन पण जखमी झाली, तिचा काय गुन्हा होता? बरं, मग १ ऑगस्ट २०२३ ला नवी पद्धत आली. यात एक खरंच शहाणपणाची गोष्ट होती, पबमध्ये नळातून, पंपातून मिळणाऱ्या बिअरला ड्युटीत सवलत, म्हणजे लोकांनी घरी डबे फोडण्यापेक्षा चारचौघांत येऊन प्यावं. कमीत कमी वीस लिटरचं पिंप पाहिजे एवढीच अट, म्हणजे सगळ्यात छोटं पिन नावाचं साडेचार गॅलनचं पिंप असतं ते पण बसतं, बरोबर ३६ पिंटांचं. मी तर खूश झाले होते. मग खालची ओळ वाचली. सवलत फक्त साडेआठ टक्क्यांच्या आत. छोट्या ब्रुअरीला वेगळी सूट असते, ती पण साडेआठच्या आतच.

म्हणजे काय होतं ते पैशात बघा. त्या वेळच्या दराने पंपावरच्या ८.४ टक्के बिअरच्या पिंटमागे ड्युटी साधारण ९१ पेन्स. तीच बिअर ८.५ ची केली की सवलत गेली आणि दर पण वरच्या गटाचा, मग ड्युटी एक पौंड ३८ पेन्सच्या आसपास. एक दशांश टक्क्याला ४७ पेन्स! त्यावर पबवाल्याचा नफा, त्यावर वीस टक्के व्हॅट. नंतर दर थोडे हलले पण ही पायरी तिथेच राहिली. आता तुम्ही ब्रुअर असाल तर काय कराल? अर्थातच ८.४ कराल, किंवा सरळ बनवणंच सोडून द्याल, कारण आधीच माल्ट जास्त, मुरवायला टाकी महिनोन्‌महिने अडकलेली, आणि विक्री सगळी बुटक्या ग्लासात.

माझा साधा प्रश्न आहे. ही सवलत दिली ती बिअर कुठे पितात त्यासाठी, मग ती किती कडक आहे त्यावर कापायची कशाला? जो मुद्दा चार टक्क्याच्या बिअरला लागू आहे तो नऊ टक्क्याला जास्तच लागू आहे, कडक दारू तर मुद्दाम पबमध्येच प्यायली जावी, जिथे काउंटरमागे एक बाई उभी आहे आणि ती मान हलवून सांगू शकते, ओन्ली हाव्ज, लव. सुपरमार्केटचा सेल्फ-चेकआउट असं सांगेल? तो वय विचारतो आणि गप्प बसतो. आज उलटं झालंय, तेरा टक्केवाला स्टाउट (काळी दाट बिअर) ४४० मिलीच्या रंगीबेरंगी डब्यात घरपोच मिळतो, एका डब्यात जवळजवळ पावणेसहा युनिट, उघडला की संपवायचाच कारण झाकण परत लागत नाही, आणि पंपावरच्या पिनला मात्र त्याच्याच गटात बसवलंय. हार्ड ड्रिंकर पार्कातला आणि पबच्या शेकोटीजवळचा म्हातारा कायद्याला एकच दिसतात.

यावर कोणी म्हणेल की मग दारू स्वस्त करा असं म्हणतेस का, फार्मसिस्ट असून? नाही. घरी न्यायच्या स्वस्त दारूची किंमत वाढवा ना खुशाल. स्कॉटलंडने २०१८ पासून युनिटमागे कमीत कमी ५० पेन्स किंमत ठरवली, २०२४ च्या सप्टेंबरात ६५ केली, वेल्समध्ये पण किमान किंमत आहे, इंग्लंड अजून बघतच बसलंय. ते करा आणि पिनवरची पायरी काढा, दोन्ही एकाच विचाराचे भाग आहेत. आमच्या नाशिकवाल्यांना हा गोंधळ नवा नाही म्हणा, २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि दोन्ही बाजू भांडत होत्या ती वाइन दारू आहे की नाही यावर, कुठे आणि कशी प्यायली जाणार यावर फार कमी लोक बोलले.

पण सगळा दोष अर्थखात्याचा नाही, निम्मा त्या टीशर्टवाल्याचा आहे. इथे राऊंडची पद्धत आहे, प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी आणायचं, आणि राऊंडमध्ये चार पिंट आणि एक हाफ असं कोणी म्हटलं की टेबलावर लगेच चेष्टा सुरू. हाफ म्हणजे बायकांचा ग्लास. माझ्याकडे कोणी बघत नाही कारण मी बाईच आहे, मला ही सवलत फुकटात मिळालीय, एरवी बाई म्हणून कुठे काय फुकटात मिळतं. आणि इथे बायकांना बारवर उभं राहून मागता येणं हेसुद्धा काही अनादि काळापासूनचं नाही बरं का, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा एल व्हिनो नावाचा वाइन बार बायकांना काउंटरवर द्यायचाच नाही, जा म्हणायचे मागच्या खोलीत बसा, दोघी जणी कोर्टात गेल्या आणि १९८२ मध्ये जिंकल्या तेव्हा ते बंद झालं. वाचलं तेव्हा मला आपल्याकडच्या बारमधली 'फॅमिली सेक्शन'ची पाटी आठवली, वर जिना चढून, एसीचे दहा टक्के जास्त.

तर या पुरुषी पिंटने बार्ली वाइनचा जेवढा घात केलाय तेवढा टॅक्सने केला नसेल. पबवाल्याच्या बाजूने बघा, साधं नऊ गॅलनचं पिंप एकदा फोडलं की तीनेक दिवसांत संपवायला लागतं नाहीतर आंबूस होतं. कडक एल जरा जास्त टिकते पण तीही किती, आणि आमच्या पबच्या बाई पिन मागवतात म्हणजे ७२ हाफ विकायचे, तेही हाफ मागायला लाजणाऱ्या गावात. मग हळूहळू त्या मागवायचं बंद करतात, आणि मग लोक म्हणतात हल्ली मिळत नाही. अरे तुम्हीच नाही प्यालात! कायद्याने तर पिंटच्या एक तृतीयांश ग्लासात पण विकता येते, १८९ मिली, ओल्ड टॉमला तो ग्लास काय सुंदर दिसेल, पण फेस्टिवल सोडले तर तो ग्लास कुठे दिसेल तर शपथ. काम्रा म्हणजे १९७१ पासून खऱ्या पिंपातल्या बिअरसाठी भांडणारी संघटना, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांच्यामुळेच हा प्रकार जिवंत राहिला, हिवाळी एलसाठी वेगळा राष्ट्रीय फेस्टिवल पण त्यांनीच भरवला, पण पिंट पूर्ण भरून मिळाली पाहिजे यासाठी जेवढा जोर लावला त्याच्या चौथ्या हिश्शाचा तरी छोट्या ग्लाससाठी लावायला हवा होता असं मला वाटतं. राग आला तर येऊ दे.

एक कबुली राहिली. या पिंपातल्या बिअरचा गाळ खाली बसावा म्हणून तिच्यात माशाच्या पोटातल्या फुग्याची पूड घालायची जुनी रीत आहे, इसिंग्लास म्हणतात, आपल्या पालघरच्या कोळ्यांना घोळ माशाच्या ज्या बोतापायी लाखो रुपये मिळतात तसलाच प्रकार. गाळाबरोबर ती तळाशी जाते, ग्लासात येत नाही म्हणतात, आणि बऱ्याच ब्रुअरी आता तिच्याशिवायही करतात. पण हे कळल्यापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारी मी पबमध्ये जात नाही. नवरा म्हणतो बिअर चालते आणि मासा चालत नाही हा कुठला धर्म. असू दे, माझा आहे.

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या खासदारांना रीतसर पत्र लिहिलं, साडेआठची पायरी, पिनचं वीस लिटरचं गणित, सगळं घालून, खाली हुद्दा पण लिहिला की बाई उगाच पिऊन लिहीत नाहीये एवढं तरी कळावं. मिळाल्याची पोच आली. फेब्रुवारीच्या शेवटी एका मंगळवारी गेले तर हँडपंपावरची बोक्याची पाटी उलटी फिरवलेली, म्हणजे संपली. बाई म्हणाल्या, पिनमधले शेवटचे सहा हाफ एका आजोबांनी चार दिवस रोज येऊन संपवले, दोन दिवस दोन दोन, दोन दिवस एक एक. आता त्या जागी ३.८ ची सोनेरी एल लावणार आहेत, ती पिंटमध्ये मिळेल.